मक्यावरच्या लष्करी अळीसाठी दुकानातून काय आणावं आणि काय आणू नये

मका पंधरा-वीस दिवसांचा झाला की कृषी सेवा केंद्रात "पोंग्यात अळी आहे, जालीम काहीतरी द्या" अशी मागणी सुरू होते. पोंगा म्हणजे शेंड्यावरच्या कोवळ्या पानांचा गुंडाळलेला गाभा. उत्तर म्हणून बाटली मिळते. अळी कोणती, केवढी आणि पीक किती दिवसांचं, हे मात्र फार कमी ठिकाणी विचारलं जातं. या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरच बाटलीचे पैसे वसूल होतात की मातीत जातात ते ठरतं. म्हणून मक्यावरच्या अळीसाठी बाजारात सर्रास मिळणाऱ्या वस्तूंचं, म्हणजे कामगंध सापळा आणि ल्युर (नर पतंगाला ओढणारा मादीचा वास), बीजप्रक्रियेचं औषध, फवारणीची चार रासायनिक औषधं आणि जैविक पर्याय यांचं हे परीक्षण.

घाईत असलेल्यांसाठी आमचं मत आधीच सांगतो. पैसे मोजकेच असतील तर पहिला खर्च सापळ्यांवर आणि दुसरा बीजप्रक्रियेवर करा. क्लोरँट्रानिलीप्रोल किंवा इमामेक्टिन यांपैकी एकाच औषधाची योग्य आठवड्यातली एक फवारणी हा तिसरा खर्च. बाकी सगळं परिस्थिती पाहून.

अळी ओळखल्याशिवाय दुकानात जाऊ नका

अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा आढळली ती मे २०१८ मध्ये, कर्नाटकात शिवमोग्याच्या मक्यावर. त्याच वर्षी ती सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागात मक्यावर आणि उसावरही दिसली. आज येवला-मालेगावपासून सिल्लोड-कन्नडपर्यंत मक्याच्या पट्ट्यात तिच्याशिवाय हंगाम जात नाही. तरीही पोंग्यातली प्रत्येक अळी हीच असते असं नाही, आणि इथेच चुकीची खरेदी सुरू होते.

अळी तळहातावर घ्या. डोक्यावर पांढुरकी उलटी वाय अक्षराची खूण आहे का ते पाहा. मग शेपटीकडून दुसऱ्या खंडावर चार ठसठशीत काळे ठिपके चौकोनात मांडल्यासारखे दिसतात का ते पाहा. बाकीच्या खंडांवरचे चार ठिपके असे चौकोनी नसतात, पुढचे दोन जवळ आणि मागचे दोन लांब असतात. वायची खूण आणि चौकोन, दोन्ही दिसले तर ती लष्करी अळी. अळी सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर या खुणा नुसत्या डोळ्यांना पुसट दिसतात. अशा वेळी मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून पाहावं किंवा पानावरचं नुकसान वाचावं. अगदी लहान अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात आणि पापुद्रा तसाच ठेवतात, त्यामुळे पानावर कागदासारखे पारदर्शक चट्टे दिसतात. अळी मोठी झाली की पोंग्यातल्या पानांना वेडीवाकडी, फाटकी भोकं पडतात आणि पोंग्यात लाकडाच्या ओल्या भुश्यासारखी विष्ठा साचते. अंडी पानावर पुंजक्याने असतात. एका पुंजक्यात शंभर ते दोनशे, आणि वर मादीच्या अंगावरचे करडे केस पसरलेले. असा पुंजका दिसला तर पान तोडून तिथेच चिरडावं. याला खर्च शून्य आहे आणि बाटलीतलं कुठलंही औषध याच्याइतकं स्वस्त पडत नाही.

आता तिच्यासारख्या दिसणाऱ्या. ठिपक्यांच्या खोडकिडीची अळी मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची, पाठीवर ठिपक्यांच्या चार ओळी असलेली. उमलत्या पानावर एका ओळीत आडवी छिद्रं ही तिची खूण. पुढे ती खोडात शिरते, गाभा वाळतो आणि पोंगा ओढला की अलगद हातात येतो. गुलाबी खोडकिडा रब्बीत जास्त दिसतो, त्याची अंडी खोडाला वेढणाऱ्या पानाच्या आवरणाच्या आत असतात. ज्वारीवरही येणारी जुनी लष्करी अळी मुसळधार पावसानंतर झुंडीने येते, दिवसा ढेकळांखाली नाहीतर पोंग्यात लपते आणि रात्री पानाची फक्त शीर शिल्लक ठेवते. तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी काळे त्रिकोणी डाग असतात, चौकोनी ठिपके नसतात. आणि कणसाच्या टोकाला केसांतून शिरून दाणे खाणारी बहुतेक वेळा घाटेअळी, म्हणजे हरभऱ्यावरची आणि कपाशीवरची तीच.

खोडकिडा खोडात शिरल्यावर वरून कितीही भारी फवारा मारला तरी तो पोहोचत नाही. तिथे वाळलेलं रोप उपटून अळीसकट नष्ट करणं हाच उपाय. ओळख चुकली की नेमके हेच पैसे वाया जातात.

कामगंध सापळा आणि ल्युर

या यादीतली आमची सगळ्यात आवडती वस्तू, आणि दुकानात सगळ्यात निष्काळजीपणे विकली जाणारीही. सापळा म्हणजे नरसाळं, वर छत्री, छत्रीखाली ल्युर अडकवायची जागा आणि खाली पॉलिथिनची लांब पिशवी. मक्यासाठी हाच प्रकार घ्यावा. चिकट तळाचे त्रिकोणी सापळे शेतातल्या धुळीने आणि पतंगांच्या पंखांवरच्या भुकटीने लवकर भरतात आणि मोजणी फसते.

खरी गोम ल्युरमध्ये आहे. लष्करी अळीचं ल्युर आणि तंबाखूवरच्या अळीचं ल्युर यांतलं रसायन वेगळं असतं, पण दोन्हींच्या पाकिटावर "स्पोडोप्टेरा" असं लिहिलेलं असू शकतं. काउंटरवर "स्पोडोचं ल्युर द्या" म्हटलं की बऱ्याचदा सोयाबीन-भाजीपाल्यासाठी ठेवलेलं हातात येतं. ते मक्यात लावलं तर सापळा रिकामा राहतो, शेतकरी निर्धास्त होतो आणि दहा दिवसांनी पोंगे फाटलेले असतात. पाकिटावर "फ्रुजीपर्डा" हा लष्करी अळीच्या शास्त्रीय नावातला शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. उत्पादनाची तारीख पाहा. दुकानदाराने ल्युर फ्रिजमध्ये ठेवलं होतं की काचेच्या उन्हात, हेही विचारा. उन्हात राहिलेल्या ल्युरचा वास शेतात जायच्या आधीच उडून गेलेला असतो.

एकरी पाच सापळे टेहळणीला पुरतात. पेरणीनंतर आठवडाभरात, रोपं उगवतानाच लावावेत. उशिरा लावलेला सापळा पतंग पकडतो, पण त्याच्या आधीच अंडी पडून गेलेली असतात. ल्युरची उंची पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण फूटभर वर असावी आणि पीक वाढेल तशी ती वाढवत न्यावी. ल्युर बसवताना हातात मोजे हवेत. एका हाताने आधी घाटेअळीचं ल्युर लावून त्याच हाताने हे लावलं तर वास मिसळतो. काही ल्युर फॉइलमधून काढावं लागतं, काही कुपीतलं न फोडताच लावायचं असतं. पाकिटामागची ओळ वाचा. दर २५ ते ३० दिवसांनी ल्युर बदला, मार्च-एप्रिलच्या उन्हात थोडं आधीच.

सापळ्याचे दोष सांगायचे तर पिशवीचं प्लास्टिक पातळ असतं आणि वाऱ्याने खांबाला घासून फाटतं. खालची गाठ सुटली की सापळा चालू दिसतो पण पतंग निसटत राहतात. मुंग्या आत शिरून मेलेले पतंग नेतात आणि आकडा कमी दिसतो. खांबाला ग्रीसचा एक पट्टा लावला की हा त्रास थांबतो. सांगाडा आणि छत्री नीट धुऊन सावलीत ठेवली तर पुढच्या हंगामांतही वापरता येते, म्हणून खरेदी करताना नरसाळं जाड प्लास्टिकचं पाहून घ्या आणि पिशव्या दोन-चार जास्तीच्या घ्या.

सापळ्यात सापडलेला प्रत्येक पतंग मोजायचा नाही. लष्करी अळीच्या नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरट त्रिकोणी ठिपका असतो आणि पंखाच्या मध्यावर फिकट तिरपा डाग. साध्या फिकट गव्हाळ रंगाचे दुसरे पतंगही या वासाला येतात, ते बाजूला काढा. एका सापळ्यात दिवसाला एक खरा पतंग मिळू लागला की त्याच दिवसापासून शेतात अंडी आणि पापुद्र्याचे चट्टे शोधायला सुरुवात करायची. लगेच फवारणी करायची नाही.

एकरी पंधरा सापळे लावून सगळे नर पकडायचे, अशीही विक्री होते. एकट्या एकरभर तुकड्यासाठी आम्ही ती सुचवत नाही. सापळ्यात फक्त नर येतात. शेजारच्या रानात मीलन झालेली मादी उडत येऊन तुमच्या मक्यात अंडी घालणारच, आणि एक मादी आयुष्यात हजार ते दोन हजार अंडी घालते. गावाने किंवा पूर्ण शिवाराने एकत्र लावले तरच या संख्येला अर्थ आहे.

बीजप्रक्रिया

सायँट्रानिलीप्रोल १९.८ टक्के अधिक थायामेथोक्झाम १९.८ टक्के एफएस, प्रमाण किलो बियाण्याला ६ मिली. एकरी आठ किलो बियाणं धरलं तर ४८ मिली लागतं. रोपाला पहिले पंधरा ते वीस दिवस संरक्षण मिळतं आणि मक्यात हेच दिवस सगळ्यात नाजूक असतात, कारण चार पानांचं रोप गाभ्यातून कुरतडलं गेलं तर ते पुन्हा उभं राहत नाही.

आधी बियाण्याच्या पाकिटावरचं लेबल वाचा. काही संकरित वाण हीच प्रक्रिया करून येतात. काहींवर फक्त बुरशीनाशक आणि रसशोषक किडींचं औषध असतं. बियाणं लाल किंवा निळं दिसतं म्हणून अळीचं संरक्षण आहे असं समजू नका, त्यावर कोणतं औषध लिहिलंय ते पाहा. प्रक्रिया घरी करायची तर औषधात अगदी थोडं पाणी मिसळून बियाण्यावर सारखं पसरवा, हातमोजे घाला आणि सावलीत वाळवा. अॅझोटोबॅक्टरसारखं जिवाणू संवर्धक लावायचं असेल तर ते रासायनिक प्रक्रिया सुकल्यावर, पेरणीच्या अगदी आधी. उरलेलं बियाणं जनावरांना किंवा कोंबड्यांना घालू नका.

त्रुटी एकच, पण मोठी. औषध मुळावाटे वर चढतं, त्यामुळे जमिनीत ओल हवी. कोरड्यात पेरून पावसाची वाट पाहिली तर उगवण होईपर्यंत बऱ्याच दिवसांचं संरक्षण खर्ची पडतं. ओलाव्यावर पेरणी किंवा ठिबकवरचा मका असेल तर मात्र ही यादीतली सर्वांत खात्रीची खरेदी.

"अळीला बळी न पडणारं बीटी मक्याचं बियाणं" म्हणून कुणी काही देऊ केलं तर नको म्हणा. भारतात बीटी मक्याच्या लागवडीला परवानगी नाही.

फवारणीची चार औषधं

आधी मोजणी. बांधालगतच्या तीन-चार ओळी सोडून आत जा. इंग्रजी डब्ल्यूसारखं चालत पाच ठिकाणी प्रत्येकी वीस झाडं, म्हणजे एकूण शंभर झाडं पाहा. पोंगा उलगडून ताजं नुकसान मोजा. आतल्या पानावर ताजे ओरखडे आणि ओली विष्ठा असेल तरच ते झाड धरा. जुनी भोकं पान वाढेल तशी वर येतात आणि भलतीच मोठी दिसतात, पण आत अळी नसते. अशा जुन्या भोकांना घाबरून केलेली फवारणी ही मक्यातली सगळ्यात नेहमीची उधळपट्टी.

कोवळ्या पोंग्याच्या अवस्थेत शंभरात पाच झाडं नुकसानीची आढळली तर ५ टक्के निंबोळी अर्क किंवा अझाडिरेक्टिन १५०० पीपीएम लिटरला ५ मिली. नुकसान दहाच्या वर गेलं आणि अळ्या सेंटीमीटरभर किंवा त्याहून लहान असल्या तर खालच्या चारांपैकी एक. एकरी २०० लिटर पाणी धरलं आहे, म्हणजे १५ लिटरचे साधारण तेरा पंप.

क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी, लिटरला ०.४ मिली, पंपाला ६ मिली, एकरी ८० मिली. कोराजन या नावाने सर्वांना माहीत असलेलं हेच. २०२२ मध्ये पेटंट संपल्यावर अनेक कंपन्यांचं त्याच टक्केवारीचं औषध बाजारात आलं, त्यामुळे दर उतरले आणि आता निवड करायला वाव आहे. अळी काही तासांत खाणं थांबवते, मरायला दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी अळी हलताना दिसली म्हणून लगेच दुसरं औषध मारणं ही चूक. ती खात नाही ना एवढंच पाहा, पोंग्यात ताजी विष्ठा दिसत नसेल तर काम झालं. पानातून पुढे सरकतं आणि टिकतं, म्हणून पहिल्या रासायनिक फवारणीला हेच आमचं पसंतीचं. पण एका हंगामात दोनदापेक्षा जास्त नाही. पोर्टो रिकोमध्ये या अळीने याच औषधाला दाद देणं सोडल्याचं सिद्ध झालं आहे. बीजप्रक्रियेतलं सायँट्रानिलीप्रोलही याच गटातलं, म्हणजे त्याच पद्धतीने मारणारं आहे. म्हणून प्रक्रिया केलेलं बियाणं पेरलं असेल तर पहिली फवारणी इमामेक्टिनने करावी आणि याचा नंबर नंतर लावावा.

इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, लिटरला ०.४ ग्रॅम, पंपाला ६ ग्रॅम, एकरी ८० ग्रॅम. चारांमध्ये खिशाला सहसा सर्वांत हलकं आणि लहान अळ्यांवर नेमकं. दोष उन्हाचा. पानाच्या पृष्ठभागावर राहिलेलं औषध उन्हात लवकर निकामी होतं, पानात शिरलेलंच टिकतं. सकाळी अकराला मारलं आणि "काही फरक नाही" म्हणून दुकानदाराला दोष दिला, असं वारंवार होतं. संध्याकाळी चारनंतर मारा. दाणेदार असल्याने आधी मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून मग पंपात ओता, तळाशी बसलेले दाणे नोझल बंद करतात.

स्पिनेटोरम ११.७ एससी, लिटरला ०.५ मिली, पंपाला ७.५ मिली, एकरी १०० मिली. काम झपाट्याने दिसतं आणि अळी थोडी मोठी झालेली असली तरी बऱ्यापैकी पकडतं. पहिल्या दोन्हींपेक्षा वेगळ्या गटातलं, म्हणून आलटून पालटून वापरायला उत्तम. महाग आहे, त्यामुळे पहिल्या फवारणीला नको, दुसरीची खरंच गरज पडली तर. ओलं असताना मधमाश्यांना घातक आहे. तुरा आल्यावर परागासाठी माश्या मक्यावर येतात, तेव्हा तर अजिबात नको.

थायामेथोक्झाम १२.६ अधिक लॅम्डा सायहॅलोथ्रीन ९.५ झेडसी, लिटरला ०.२५ मिली, पंपाला पावणेचार मिली, एकरी ५० मिली. शिफारशीत आहे, रोपावस्थेत मावा आणि अळी एकत्र असतील तर उपयोग होतो. पण यातला लॅम्डा स्पर्शाने मारतो आणि पोंग्याच्या तळाशी विष्ठेच्या बुचाखाली बसलेल्या अळीला स्पर्शच होत नाही. शिवाय ढालकिडे, कातीन आणि परोपजीवी माश्या सरसकट मरतात, मग पुढच्या पिढीच्या अळीला खाणारं कुणी उरत नाही. चारांत आमची शेवटची पसंती.

चारांपैकी कुठलंही असो, ते पोंग्यात पडलं पाहिजे. पानांवरून धुकं सोडत चालत गेलं तर एकरी ८० मिलीचं औषध निम्म्याहून जास्त बाहेर जातं. पोकळ शंकू नोझल वापरा, नळी झुकवून थेट पोंग्याच्या तोंडावर क्षणभर थांबा, मग पुढचं झाड. हे काम चालत्या पंपापेक्षा सावकाश होतं, मजूर जास्त लागतो, पण याला पर्याय नाही. ड्रोनने फवारणी करून घेत असाल तर पाणी एकरी दहा लिटरच्या आसपास लागतं, पण औषधाचं एकरी प्रमाण तेच राहतं. चालकाने पाणी कमी म्हणून औषधही कमी केलं तर ते मान्य करू नका. ड्रोनचं पाणी वरून पडतं, त्यामुळे कमरेएवढ्या मक्यात पोंग्यात चांगलं जातं, पण वारा असेल तर पट्टे सुटतात.

दोन-तीन औषधं एकत्र करून वर टॉनिक आणि स्टिकर घातलेलं "कॉम्बो" मात्र टाळा. कोणत्या औषधाने काम केलं हे कळत नाही आणि एकाच फवारणीत दोन गट खर्च होतात. चांगल्या प्रतीचं स्टिकर एकटं चालेल, कारण मक्याच्या पानावरून पाणी घरंगळतं.

जैविक पर्याय

मेटारायझियम रायलेई, जुनं नाव नोमुरिया रायलेई, खरिपाच्या दमट हवेत उत्तम आणि उन्हाळी मक्यात जवळपास निरुपयोगी. बुरशीला ओलावा हवा. लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, आणि पुढचे-मागचे काही दिवस बुरशीनाशक मारायचं नाही. शेतात पानाला चिकटून कडक झालेली, आधी पांढरी आणि मग पोपटी भुकटीने माखलेली अळी दिसली तर ही बुरशी तुमच्या रानात आपोआप आली आहे. अशा रानात दोन-तीन दिवस थांबून पुन्हा मोजणी करा, बऱ्याचदा रासायनिक फवारणी वाचते.

बीटी कुर्स्ताकी हा जिवाणू, लिटरला २ ग्रॅम, फक्त अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळ्यांवर. पोटात गेलं तरच मारतं. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर असर घटतो, म्हणून शक्यतो विहिरीचं किंवा पावसाचं पाणी घ्या.

ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीच्या अंड्यांत वाढणाऱ्या बारीक परोपजीवी माश्यांचं कार्ड. त्याच्या बाबतीत पुन्हा लेबल वाचायची वेळ येते. दुकानात सहज मिळणारं ट्रायकोग्रामा किलोनिस हे खोडकिडीसाठी चांगलं. लष्करी अळीसाठी शिफारस आहे ट्रायकोग्रामा प्रेटिओसम किंवा टेलेनोमस रेमसची, एकरी ५० हजार, आठवड्याच्या अंतराने. अंड्यांच्या पुंजक्याला केसांचं आवरण आणि एकावर एक थर असल्याने ट्रायकोग्रामाला खालची अंडी गाठता येत नाहीत, टेलेनोमस तिथपर्यंत पोहोचतो. मिळालंच तर तेच घ्या. कार्ड कापून पट्ट्या पानाच्या खालच्या बाजूला टाचा, संध्याकाळी. कार्डावर काळे पडलेले ठिपके दिसत असतील तर माश्या लवकरच निघणार आहेत, ते कार्ड त्याच दिवशी लावा. त्या आठवड्यात रासायनिक फवारणी नाही.

घाटेअळीसाठीचा एनपीव्ही विषाणू लष्करी अळीला चालेल असं सांगितलं तर घेऊ नका. हे विषाणू त्या-त्या अळीपुरतेच काम करतात.

"शंभर टक्के सेंद्रिय, दोन तासांत अळी आडवी" असं लिहिलेल्या बाटलीवर नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. कीडनाशक म्हणून विकलं जाणारं प्रत्येक उत्पादन, जैविक असलं तरी, कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदलेलं असावं लागतं. कुठलीही बुरशी किंवा वनस्पती-अर्क दोन तासांत मोठी अळी मारत नाही. मारत असेल तर आत न सांगितलेलं रसायन आहे, आणि मग काढणीपूर्वी थांबायचे दिवस किती हेही कुणाला माहीत नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच क्रमांक लिहून घ्या.

मोठी अळी आणि विषारी आमिष

अळी तीन सेंटीमीटरच्या पुढे गेली आणि पोंग्यात विष्ठेचं बूच बसलं की फवारणी फारशी लागू पडत नाही. तिथे आमिष. १० किलो भाताचा कोंडा आणि २ किलो गूळ दोन-तीन लिटर पाण्यात कालवून २४ तास आंबवायचं. वापरण्याच्या अर्धा तास आधी थायोडीकार्ब ७५ डब्ल्यूपी १०० ग्रॅम मिसळायचं. एवढं एकराला पुरतं, चिमूटभर प्रत्येक पोंग्यात टाकायचं. परिणाम चांगला आहे, पण वेळखाऊ आहे आणि औषध तीव्र विषारी आहे. हातमोजे आणि मास्क घालूनच, आणि गुळाच्या वासाने कुत्री, शेळ्या, कोंबड्या येतात, त्यांना दूर ठेवा. चाऱ्यासाठीच्या मक्यात हे वापरूच नका.

चाऱ्याचा, मूरघासाचा, स्वीट कॉर्नचा किंवा बेबी कॉर्नचा मका असेल तर खरेदीचा क्रमच बदलतो. लेबलवर काढणीपूर्वी थांबायचे दिवस किती लिहिले आहेत ते तुमच्या कापणीच्या तारखेशी जुळवा. जुळत नसेल तर अझाडिरेक्टिन, बीटी आणि मेटारायझियम एवढ्यावरच थांबा. शेणातून-दुधातून फिरून हे घरी येतं.

तुरा आल्यानंतर

आठ आठवड्यांच्या पुढे, तुरा बाहेर पडल्यावर, आम्ही कुठलंही रासायनिक औषध विकत घ्यायला सांगत नाही. एवढ्या उंच पिकात माणसाला पंप घेऊन फिरता येत नाही, अळी कणसाच्या पानांच्या आत असते आणि खर्च निघत नाही. कणसाच्या टोकावरच्या अळ्या हाताने वेचणं शक्य असेल तेवढं करावं. दुकानदार या वेळी ऊस-भातासाठीचं दाणेदार औषध पोंग्यात टाकायला सुचवतात. त्याच्या लेबलवर मका नसतो आणि तुऱ्याच्या अवस्थेत पोंगाही उरलेला नसतो.

कणसं काढल्यावर अळीने पोखरलेली वेगळी ठेवा. अळीने उघडी केलेली जागा बुरशीला सोपी जाते, आणि अशा दाण्यांत अफलाटॉक्सिनसारखी विषं तयार होऊ शकतात. एका खराब ढिगाने चांगला मालही नाकारला जातो, आणि कोंबडी-खाद्याला देणाऱ्यांकडे हे लगेच लक्षात येतं. टोकाचा काळा-हिरवा पडलेला भाग तोडून टाका, बाकीचा मका १४ टक्के ओलाव्याच्या खाली येईपर्यंत ताडपत्रीवर वाळवा आणि मगच पोत्यात भरा. तोडलेले तुकडे गोठ्यात टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा.